धोंड्याचा महिना आणि पावसाळ्याची यादी

"खाटा दोन आहेत बाई, आणि तुमच्या यादीत बायका सहा. बाकीच्या चौघींना माझ्या टेबलावर झोपवू?"

आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी यादी माझ्याकडं परत सरकवली. मी म्हटलं, "साहेब, तुमचं टेबल हलतंय. त्यावर नको."

ते हसले नाहीत. सांगली शहरात वाढलेला माणूस, वर डोंगरातली बदली, त्यात वैशाखाचं ऊन. हसणार कुठून?

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. मेढ्याच्या पुढं, जावळीच्या डोंगरात एका सबसेंटरवर मी नर्स होते. सबसेंटर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा. पुढच्या खोलीत दोन खाटा, मागच्या खोलीत मी, माझी ट्रंक आणि स्टोव्ह. मी मूळची विट्याकडची. आमच्याकडं घरावर मातीचं माळवद असतं आणि पाऊस आला तर लोक बघायला बाहेर येतात. इथं तो मिरगाला सुरू झाला की गणपतीपर्यंत हलत नसे. ओढ्यापलीकडच्या वाड्या तुटायच्या. मधे उघडीप मिळाली तर माणूस इकडचं तिकडं, नाहीतर जे आहे त्यात भागवायचं.

म्हणून उन्हाळ्यातच सगळ्यांची लगबग. ती लगबग मला आजही आठवते आणि आवडते. पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस भिंत खातो, म्हणून घराच्या त्या बाजूला गवताच्या जाड ताट्या बांधायच्या. लाकूडफाटा आणि शेणी चुलीवरच्या माळ्यावर रचायच्या, म्हणजे धुरानं कोरड्या राहतात. मीठ चुलीजवळ, काडेपेट्या तांदळाच्या डब्यात, रॉकेलचा डबा खुंटीला. गुरांची वैरण आत. पहिल्या वर्षी मी यातलं काहीही केलं नव्हतं. जुलैत माझं अंथरूण, रजिस्टर आणि मी, तिघंही ओले. आगपेटीच्या काड्या ओढल्या की नुसता गुलाल निघायचा. शेजारणीनं दारात उभं राहून बघितलं आणि म्हणाली, "आवं बाई, तुमी काय म्हायेरपनाला आलाय व्हय, कुणी तरी करंल म्हनून?"

दुसऱ्या वर्षी मी सुधारले. माझ्या खोलीला ताट्या बांधून घेतल्या. शिवाय वाटलं, लोक मीठ-मिरची ठेवतात तसं बाळंतपणाचं सामानही ठेवायला काय हरकत आहे? पावसाळ्यात ज्या घरी बाळंतपण होणार, त्या घरी मी एक झाकणाचं गाडगं ठेवायला लावलं. आत उकळून वाळवलेली जुनी धोतराची फडकी, नवं ब्लेड, नाळ बांधायला दोरा, साबणाची वडी. गाडगं चुलीच्या वर टांगायचं आणि कुणी हात लावायचा नाही. बायका हसल्या, पण टांगलं.

आणि यादी. ओढ्यापलीकडं ज्या बायका पावसाळ्यात बाळंत होणार, त्यांना आधीच अलीकडं आणायचं, असा डॉक्टरसाहेबांचा आणि माझा बेत. कुणाला नातेवाइकांकडं, कुणाला माझ्या खाटांवर. ज्यांची ड्यू डेट, म्हणजे बाळंतपणाचा अंदाज, पावसाच्या पहिल्या महिन्यातला, त्या पहिल्या तुकडीत. नंतरच्या दुसऱ्या तुकडीत, एखाद्या उघडिपीला डोलीतून आणायच्या.

"पहिल्या तुकडीत किती?" साहेबांनी विचारलं.

"तिघी. दोघी माझ्याकडं, एक तिच्या मावशीकडं."

"आणि ही कला? पलीकडच्या वाडीची?"

"तिला अजून वेळ आहे. श्रावणाच्या तोंडाला. दुसऱ्या तुकडीत."

साहेबांनी सही केली. संपला विषय.

आता ड्यू डेट मी कशी काढत होते ते सांगते, कारण सगळं तिथंच आहे. शहरात पाळीची तारीख विचारतात आणि हिशोब करतात. इथं इंग्रजी तारीख कुणाला ठाऊक? "कवा?" म्हटलं की "दसऱ्याच्या वक्ताला", "संक्रातीला मी भाईर बसले हुते" अशी उत्तरं. मग मी एक तक्ता केला होता आणि रजिस्टरच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला होता. दसऱ्याची तर आषाढ, दिवाळीची तर श्रावण, संक्रांतीची तर दसरा-दिवाळी. महिन्यापुढं महिना मांडलेला. मला त्याचा फार अभिमान होता. साहेबांनीही कौतुक केलं होतं.

कलाची तर गोष्टच सोपी होती. तिचा नवरा मारुती मिलिटरीत. दिवाळीला रजेवर आला, भाऊबीज होते न होते तोच तार आली. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. चार दिवसांत परत गेला. पुढं लढाई झाली, सुखरूप राहिला, पत्रं येत होती, पण घरी काही येऊ शकला नाही. म्हणजे घोळ व्हायला जागाच नाही. दिवाळीचा गर्भ. तक्त्यात बघितलं, लिहिलं.

शिवाय कलाची सासू कोण? ठकूआत्या. त्या खोऱ्यातली सुईण. माझ्या जन्माच्या आधीपासून बाळंतपणं करणारी बाई. लुगड्याचा काष्टा मारून डोंगर चढायला लागली की मी मागं राहायची. पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझी बॅग बघून म्हणाली होती, "येवढं सामान? प्वार भाईर काडायचं हाय का घर बांधायचं हाय?" हळूहळू आमचं जमलं. मी तिला साबणानं हात धुवायला शिकवलं, तिनं मला आडवं आलेलं पोर हातानं ओळखायला शिकवलं. तिची गुरुदक्षिणा जास्त मोठी होती.

त्या वैशाखात मी तिच्या घरी गेले. धोंड्याचा महिना चालू होता. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, तीनेक वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो, तो अधिक महिना. आमच्याकडं त्याला धोंडा म्हणतात. त्यात लग्न नाही, मुहूर्त नाही, नवं काही नाही. फक्त जावयाचे लाड. जावयाला बोलावून पुरण भरलेले उकडलेले धोंडे खायला घालायचे. त्या महिनाभर मी ज्या घरी जाईन तिथं कुणाचा ना कुणाचा जावई जेवत बसलेला, आणि मलाही आग्रह. तूप ओतून ओतून. माझं वजन वाढलं असणार.

ओढ्यावरचा साकवही धोंड्यामुळं रखडला होता. साकव म्हणजे लाकडं आणि बांबू बांधून केलेला पूल. दरवर्षी नवा, घरटी एक लाकूड. पण धोंड्यात त्याचा नारळ फोडायचा नाही, म्हणून सगळे थांबलेले.

मी कलाला तपासलं. बेंबीच्या वर तीन बोटं भरली की साधारण सातवा. कलाचं त्याच्याही वर भरलं. मी परत मोजलं. परत तेच.

"आत्या, पोट मोठं वाटतंय."

"लय खाती," आत्या म्हणाली. "आनि मारुती बी जलमला तवा येवढा मोटा हुता. आमच्या घरात तसंच."

"जुळं तर नाही?"

मी नळी लावून ऐकलं. ठोके एकाचेच.

"दिवाळीचं हाय," आत्यानं बोटाची पेरं मोजून दाखवली. "आखाड सरतावक्ती, न्हाईतर सरावनात मोकळी हुईल. तुमी नका काळजी करू."

तिची पेरं आणि माझा तक्ता एकच सांगत होते. माझा हात वेगळं सांगत होता. मी हाताचं ऐकलं नाही. रजिस्टरात लिहिलं, 'पोट किंचित मोठे'. मग पाटावर बसले आणि दोन धोंडे खाल्ले.

धोंडा सरला, खरा म्हणजे निज वैशाख लागला आणि माणसं साकवावर तुटून पडली. पाऊस वेळेवर आला. पहिल्या तुकडीतल्या तिघीही माझ्या अंदाजाच्या आधीच मोकळ्या झाल्या, त्याचंही मला काही वाटलं नाही. एक मुलगा, दोन मुली. साहेबांना निरोप धाडला, खाटा रिकाम्या आहेत, उघडीप मिळाली की दुसरी तुकडी आणते. मी खुशीत होते. माझ्या खोलीत काडेपेटी पेटत होती, रजिस्टर कोरडं होतं. घरून आईचं पत्र आलं, की इकडं ढग सुद्धा नाही. मी तिला लिहिलं, इथला थोडा पाठवते.

जेठाची अमावस्या आठ दिवसांवर होती. सकाळी दहाचा सुमार. दारात किसन उभा. कलाचा दीर. डोक्यावरून घोंगडीची खोळ, अंगातून पाणी निथळतंय.

"बाई, वैनीला पहाटंपास्नं कळा सुरू झाल्यात."

"अरे, आठवा चालू आहे ना तिचा?"

"व्हय. आय म्हनली, आठव्याचं हाय, प्वार काय हाताला लागत न्हाई. पर वैनीला काय हू नये, म्हनून बाईस्नी बोलव. पानी लय चडलंय. तुमी बघा, आमी जबरदस्ती न्हाई करनार."

तिकडं अशी समजूत होती, की सातव्याचं जगतं पण आठव्याचं जगत नाही. किती समजावलं तरी जात नसे. आणि खरं सांगायचं तर महिनाभर आधी आलेलं पोर त्या थंडीत, त्या ओलीत, उबेत ठेवायला काचेची पेटी नाही, काही नाही, जगणं अवघडच होतं. तेव्हा मीही मनातून आशा सोडलीच होती. बॅग भरली ती कलासाठी.

साकवाची अवस्था मी बघितली आणि मागं फिरावंसं वाटलं. धोंडा संपल्यावर घाईघाईत बांधलेला. मधली दोन लाकडं हलत होती, पाणी खालून नाही, वरून चाललेलं. अलीकडं-पलीकडं माणसांनी दोर धरला होता. किसननं माझी बॅग डोक्यावर बांधली.

"खाली बघायचं न्हाई," तो म्हणाला.

"मग कुठं बघू?"

"माज्या पाटीकडं बघा. आनि शिव्या द्या. मी बी देतो."

मी देवाचं नाव घेतलं नाही, शिव्याच दिल्या. धोंड्याला, साकवाला, सरकारला, बदली करणाऱ्या साहेबाला. डोक्यावरचं पानांचं इरलं वाहून गेलं. पलीकडं पोचले तेव्हा तिथले लोक हसत होते. बाईंना एवढ्या शिव्या येतात हे त्यांना नवीन होतं.

घरात धूर, अंधार, पण कोरडं. ताट्या चांगल्या बांधल्या होत्या. कला कोपऱ्यात, घामानं भिजलेली. माझ्याकडं बघितलं आणि एकच विचारलं, "बाई, त्यास्नी काय कळवायचं?" म्हणजे मारुतीला. पोर गेल्याचं पत्र कसं लिहायचं, याचा विचार ती कळा देता देता करत होती. मला तिथंच रडू आलं असतं. मी म्हटलं, "आधी मोकळी हो. पत्र मी लिहीन."

आत्या पाय धरून बसली होती. स्वतःचं पहिलंच नातवंड, आणि तीच सांगत होती की हाताला लागणार नाही.

"गाडगं?" मी विचारलं.

तिनं चुलीवर बोट केलं. टांगलेलं होतं. फडकी अगदी सुकी, धुराचा वास येत होता. त्या पावसात, त्या घरात तेवढीच कोरडी फडकी.

दुपारी पोर झालं. मुलगी. मानेला नाळेचा एक वेढा होता, तो मी सोडवला. पण पोर निळं. हात-पाय लोंबतायत, आवाज नाही. मी रबरी नळीनं तोंडातला चिकटा ओढला, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. काही नाही.

आत्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या बाई. आठव्याचं हाय. कशाला त्या जिवाला तरास देता?"

लपवून काय करू आता? माझाही हात सैल पडला. क्षणभरच, पण पडला. मला आजही त्या क्षणाची लाज वाटते. आठव्याचं आहे, असं मीही म्हटलं मनात. पोर फडक्यात गुंडाळावं म्हणून त्याचा हात आत घेतला आणि माझ्या बोटाला काहीतरी ओरखडलं.

नख.

मी कंदील जवळ ओढला. दहाही बोटांची नखं टोकाच्या बाहेर आलेली. पायाचा तळवा उलटा केला, त्याला टाचेपर्यंत रेघा. कान दुमडून सोडला, ताठ परत आला. अपुऱ्या दिवसांच्या पोराचे कान कापडासारखे पडतात, तळवा गुळगुळीत असतो, नखं अशी नसतात. हे आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी शिकवलेलं.

"आत्या, हे आठव्याचं नाही!" मी ओरडलेच. "भरलेलं पोर आहे हे! नखं बघा!"

आत्यानं बघितलं. तिला मी काही शिकवायची गरज नव्हती. तिनं पोराचे पाय धरले आणि असे काही चोळायला लागली की मला वाटलं कातडं निघेल. मी त्याच्या नाका-तोंडावर तोंड ठेवून फुंकायला लागले. हळू, गालातल्या गालात. एक, दोन, तीन. छाती वर आली. परत. परत. किती वेळ, मला माहीत नाही. कला विचारत होती, "काय झालं? काय झालं?" आणि आत्या पाय चोळतच होती, मी फुंकतच होते.

मग एक उचकी आली. मग शिंकेसारखं काहीतरी. आणि मग ती अशी रडली, अशी रडली, की बाहेर दोर धरून थांबलेल्या माणसांना ऐकू गेलं. किसन ओसरीवर होता, तो मोठ्यानं म्हणाला, "आयला!"

आत्या भिंतीला टेकून बसली. पदर डोळ्याला लावला नाही, काही नाही. पोर कलाच्या छातीशी लागलं, वार पडली, सगळं नीट झालं. मग आत्यानं बोटाची पेरं मोजायला घेतली.

"कारतिक. मार्गेसर. पूस. माग. फागून. चैत. वैशाक. आनि हा जेठ. आट." तिनं माझ्याकडं बघितलं. "बाई, आटच व्हत्यात. मारुती तर चारच दिस हुता. मग ही भरली कशी?"

तिच्या आवाजात भलतीच शंका डोकवायला लागली होती. कलानं मान खाली घातली. मला कळलं, की आता पोराबरोबर तिच्या आईलाही वाचवायचं आहे. पण कसं? मीही पेरं मोजली. आठच. तक्ता आठवला. आठच. तोंडात कुठून कोण जाणे, पुरणाची चव आली. याच घरात, याच चुलीपुढं, पाटावर बसून मी...

"आत्या," मी म्हटलं, "मी तुमच्याकडं धोंडे खाल्ले ते कुठल्या महिन्यात?"

"धोंड्याच्या. आनि कवा?"

"मग तो मोजला का?"

"धोंडा कुटं मोजत्यात?" आत्या म्हणाली. "त्यो काय म्हैना हाय?"

"तुम्ही मोजला नाही. मीही मोजला नाही. पोटातल्या पोरीनं मोजला."

आत्यानं परत बोटं पुढं धरली. मग चैत आणि वैशाखाच्या मधल्या पेरावर अंगठा ठेवला, हळूच एक पेर पुढं सरकली आणि परत शेवटपर्यंत मोजलं. नववा. भरत आलेला. मग कपाळावर हात मारून घेतला आणि हसायला लागली. हसता हसताच रडली. "आगं माजे बाय," ती कलाला म्हणाली, "मी म्हातारी झाले गं." आणि सुनेचं तोंड दोन्ही हातांनी कुरवाळलं. माझ्यासमोर, रडणं ऐकून आत आलेल्या एवढ्या बायकांसमोर. त्या काळात सासवा असं करत नसत.

मारुतीला पत्र मी लिहिलं. त्यात एवढंच, की मुलगी झाली, दोघी खुशाल. चुकीचं काही लिहिलं नाही.

उघडीप मिळाल्यावर मी साहेबांपुढं उभी राहिले आणि सगळं सांगितलं. रजिस्टर पुढं ठेवलं. 'पोट किंचित मोठे' या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"आणि तरी तक्त्यावर विश्वास ठेवलात?"

"हो साहेब."

त्यांनी पुठ्ठा उलटून आतला तक्ता बघितला. मग म्हणाले, "यादीखाली सही माझी आहे. त्या महिन्यात मीही सासुरवाडीला धोंडे खाऊन आलो होतो." तक्ता त्यांनी स्वतः सोलून काढला. दुसऱ्या तुकडीतल्या उरलेल्या दोघींची पोटं मी त्याच आठवड्यात नव्यानं मोजली. दोघींनाही लगेच अलीकडं आणलं. दोघीही महिनाभर आधी बाळंत झाल्या. म्हणजे वेळेवर.

मुलीचं नाव पाळण्यात काहीतरी छान ठेवलं होतं. पण सगळे तिला धोंडूच म्हणत.

पुढं माझ्या बदल्या झाल्या, कोयनानगर, मग खाली सांगलीकडं. दर नव्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर मी एकच ओळ लिहीत असे, 'या साली धोंडा आहे का?' नव्या मुली हसायच्या. हसू दे.

अठरा-एकोणीस वर्षांनी परत वैशाखातच धोंडा आला. किसनचा निरोप, धोंडूचा नवरा जेवायला येतोय, तुमी यायचंच. गेले. ओढ्यावर आता सिमेंटचा पूल होता, मी उगाचच मधे थांबून खाली बघितलं. ठकूआत्या ओसरीवर, वाकलेली, डोळ्यांनी अधू. माझा आवाज ऐकून म्हणाली, "शिव्या देनारी बाई आली का?" धोंडूनं वाकून नमस्कार केला आणि लाजून आजीच्या मागं सरकली.

"पाचवा हाय तिला," आत्या म्हणाली. मग एक बोट वर करून माझ्याकडं वळली. "धोंडा धरून, बरं का!"

मी म्हटलं, शाबास. आणि तरीही पोरीला आत नेलं, आडवं केलं आणि आधी हात लावून बघितलं. पाचवाच होता.